हात न धुता मागे लागलेले नाणेकाका

सुट्ट्या पैशांवरून दुकानदाराशी भांडणारी माणसं ठाणे जिल्ह्यातल्या मोहन्याच्या बाजारात पुष्कळ. पण सगळा गल्ला ओतायला लावून त्यातलं नाणं नाकाशी नेणारा माणूस दिसला, की समजावं, हे नाणेकाका. जुन्या वस्तीत असा एखादा तरी असतोच. बहुधा एनआरसीच्या रेयॉन कारखान्यात आयुष्यभर पाळ्या केलेला, सदऱ्याच्या खिशात भिंग, आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी नुकतंच मतदान करून आल्यासारखी काळी.

काका नाकाला फार मानतात. ‘अस्सल चांदीला वास नसतो,’ असा त्यांचा सिद्धांत. हे नाक व्हिस्कोस रेयॉनच्या खात्यात घडलेलं. रेयॉन करताना कार्बन डायसल्फाइड लागतो, हायड्रोजन सल्फाइड सुटतो. एकाला कुजलेल्या कोबीचा वास, दुसऱ्याला सडक्या अंड्यांचा. त्यात उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाने वासावर निकाल द्यावेत, हे मला कधी पटलेलं नाही. काकांना मात्र त्या हवेचा अभिमान. गंधकाने चांदी काळवंडते, हे खरंच. त्यामुळे व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांवर मोहन्यात जो काळपट निळा रंग चढला तो पुण्यातल्या सदाशिव पेठेत जन्मात चढणार नाही, असं ते ठासून सांगतात. 2009 साली कंपनी बंद पडली. वास गेला, आणि राणीला रंग चढवणारं वस्तीत कोणी उरलं नाही.

काकूंची अडचण वेगळी. त्यांच्या घरात बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय कोणी आत येत नाही. काकांची तांब्याची शिवराई मात्र तीनशे वर्षांच्या मातीसकट थेट पोळपाटावर येते. उजेड तिथेच चांगला पडतो म्हणे.

‘अगं, हे किटण नाही, पॅटिना आहे!’

‘असेल. पण तो माझ्या पोळपाटावर कशाला?’

एका दिवाळीत काकूंनी देवाच्या तांब्या-ताम्हणाबरोबर ती शिवराईही घासून काढली. आधी चिंच, मग ठाण्याचीच पितांबरी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, अक्षरं अशी लखलखली की काकू खूश. काकांनी फराळाला हात लावला नाही. इथे मी काकांच्या बाजूने आहे. तांब्यावर शतकानुशतकं धरलेला थर एकदा खरवडला की परत येत नाही, आणि घासलेल्या नाण्याकडे जाणकार संग्राहक ढुंकूनही पाहत नाही. पण काकांनाही तारतम्य नाही. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी धरली तर तो पॅटिना नव्हे, क्षारांनी लागलेला रोग आहे. तो नाणं आतून खातो. काका तीही इतिहास म्हणून जपतात. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या अल्बममध्ये नाण्यांवर चिकट हिरवा लेप आला, तेव्हा कोणीतरी अॅसिटोन सुचवलं. काकांनी सुनेचं नेलपॉलिश रिमूव्हर उचललं. त्यात तेल आणि अत्तरही असतं. भोकाचा पैसा महायुद्धात धातू वाचवायला काढलेला. त्याला आता स्ट्रॉबेरीचा वास येतो.

हातांची कथा याहून कठीण. काका बोट जिभेला लावून कॅटलॉगचं पान उलटतात, त्याच बोटाने नाणं फिरवतात, त्याच बोटांनी बिस्किट चहात बुडवतात. कोणी टोकलं तर उत्तर तयार: ‘तांब्यावर जंतू जगत नाहीत. अमेरिकेच्या सरकारनेसुद्धा 2008 साली मान्य केलंय.’ केलंय खरं. पण तांबं ते काम सावकाश करतं, आणि वर मळ, तेल, घाम बसला असेल तर आणखी सावकाश. शिवाय काकांच्या फरसाणाच्या डब्यात तांबं थोडं आणि अॅल्युमिनियमची दहा-वीस पैशांची नाणी, स्टीलचे रुपये फार. शहाडहून आंबिवलीकडे येताना लोकलमधून भाविक उल्हास नदीत नाणी टाकतात. दोरीला लोहचुंबक बांधून ती काढणाऱ्या पोरांकडून काका ती विकत घेतात. चुंबकाला तांबं चिकटत नाही, तेव्हा हाती येतो तो कालपरवाचा रुपया, सोबत जलपर्णीचा गाळ फुकट. हा फरसाणाचा डबाही स्वयंपाकघरातच.

काकूंना न्याय मिळाला तो रसायनशास्त्राकडून. 2006 साली जर्मन आणि अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिलं की लोखंड हाताळल्यावर येणारा ‘धातूचा वास’ धातूचा नसतोच. घामाच्या स्पर्शाने लोखंडाचे आयन सुटतात, कातडीवरचं तेल फोडतात, आणि त्यातून एक-ऑक्टेन-तीन-ओन नावाचं उग्र संयुग उडतं. तांब्या-पितळेचीही तीच तऱ्हा. म्हणजे काका इतकी वर्षं भक्तिभावाने हुंगत आले तो स्वतःच्याच हाताचा वास. नातवाने हे वाचून दाखवल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, ‘मी लग्नापासून हेच सांगतेय.’

तुमच्या आजीच्या पेटीत शिवराई सापडली तर चिंच लावू नका. कडांना धरा, कागदाच्या पाकिटात ठेवा, आणि हात साबणाने धुवा. मोहन्यात नाणेकाकांनी चहाला बोलावलं तर जरूर जा. फक्त बिस्किटांचा पुडा स्वतः फोडा.