काटकसरीच्या नावाखाली

मध्यमवर्गीय घरात हौस कधी एकटी येत नाही. तिला काटकसरीचा हात धरून यावं लागतं. साडी सेलमध्ये होती म्हणून घेतलेली असते, क्रीम मोठ्या बाटलीत स्वस्त पडतं म्हणून मोठं आणलेलं असतं. ‘मला आवडलं म्हणून घेतलं’ असं उघडपणे म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. माझ्या आईचं ऐकाल तर तिने उभ्या जन्मात स्वतःसाठी काही विकत घेतलेलं नाही. तिने फक्त पैसे वाचवले. ते वाचवलेले पैसे टिकल्यांची पाकिटं, पावडरचे डबे आणि जुळत नसलेले कानातले अशा रूपात तिच्या कपाटात सुखरूप आहेत.

पुण्यात या विद्येचं माहेरघर म्हणजे तुळशीबाग. तिथे लिपस्टिक ओठांवर कुणी लावून बघत नाही, हातावर बघतात. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत लाल, तांबडा, विटकरी, किरमिजी अशा रेघा ओढून झाल्या, की दुकानदार म्हणतो, ‘‘ताई, हा घ्या, हातावर काय उठून दिसतोय!’’ आता लावायचा तो ओठाला, पण त्या गर्दीत एवढा विचार करायला उसंत कुणाला असते? ‘‘दोन घेतले तर कितीला?’’ हा प्रश्न तोंडून गेलेला असतो. एक घ्यायला गेलेली बाई दोन घेऊन येते आणि वर पैसे वाचवल्याच्या आनंदात चार पावलांवरच्या महात्मा फुले मंडईत शिरते. १८८६ साली सुरू झालेल्या या मंडईत वैशाखात कैऱ्या, करवंदं, ताडगोळे यांचे ढीग लागलेले असतात. तुळशीबागेत वाचलेले पैसे इथे खर्च होतात, म्हणजे हिशेब बरोबर जमतो. ज्याने कुणी या दोन गोष्टी शेजारीशेजारी वसू दिल्या, त्याला संसार कळत होता.

आणि हे काही आम्हा बायकांचंच नाही. देशानेही तेच केलं. १९५२ साली टाटांनी ‘लॅक्मे’ सुरू केली. त्यामागची गोष्ट अशी सांगतात, की परदेशी प्रसाधनांवर देशाचं परकीय चलन फार जातं, याची नेहरूंना काळजी वाटत होती. म्हणजे लिपस्टिकसुद्धा आली ती परकीय चलनाच्या बचतीचा पदर धरून! आमच्या पेंढरकरांच्या ‘विको’ने तर कमालच केली. हळदीचं क्रीम हे प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, हा वाद अबकारी करापायी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनी तो जिंकली. औषध ठरलं तर कर कमी. माझ्या आईला हे कोर्टाच्या कितीतरी आधी कळलं होतं. ‘‘मी नटायला नाही लावत, चेहरा कोरडा पडतो म्हणून लावते,’’ असं ती बाबांना सांगायची.

मग पुडी आली. कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली ‘चिक’ शाम्पू काढला. पुडीत शाम्पू भरून विकायची कल्पना त्याआधी त्यांच्या वडिलांनी अमलात आणली होती. रुपया-आठ आण्यांत केस धुऊन निघायला लागले, आणि आमच्या घरात त्या पुडीचंही शास्त्र तयार झालं. पुडी दाताने फाडायची नाही. कात्रीने कोपरा किंचित कापायचा, निम्मा शाम्पू तळहातावर घेऊन त्यात पाणी मिसळायचं आणि उरलेली पुडी तोंड दुमडून, साबणाच्या डबीला टेकवून उभी ठेवायची. ती आडवी पाडणाऱ्याची घरात चौकशी होई.

माझी लेक या घराण्यातली आहे यावर कधीकधी विश्वास बसत नाही. ती काकडी आणि कोरफडीचं पाणी फवाऱ्याच्या बाटलीत विकत आणते. फ्रिजमध्ये काकडी आहे, गॅलरीत कोरफड कुंडी फोडायच्या बेतात आहे, तरीही. ‘‘त्यात आणखी बरंच काही असतं, आई,’’ ती सांगते. बाटलीवर बारीक अक्षरात ते बरंच काही लिहिलेलंही असतं, आणि सगळ्यात पहिलं नाव पाण्याचं असतं. पण स्वयंपाकघरातलं सगळंच चेहऱ्याला चालतं, या आजीबाईंच्या मताचीही मी नाही. बेसन, दही, मुलतानी माती इथवर ठीक. लिंबू मात्र नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते, काळे डाग उठतात आणि महिनोन्महिने हटत नाहीत. कोरफडीचं पान कापलं की आधी ते उभं धरून पिवळा चीक निथळू द्यायचा, त्याने खाज सुटते. त्यानंतरचा पारदर्शक गर घ्यायचा. स्वस्तातल्या सौंदर्यालाही काही पथ्यं असतात.

आता गॅलरीबद्दल. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत उन्हाळी भाजी घ्यायची, हा माझा अलीकडचा काटकसरीचा उपक्रम. टोमॅटोला एप्रिलमधलं पुणं मानवत नाही. पारा पस्तिशीच्या वर गेला की पराग निकामी होतो, फुलं येतात आणि फळ न धरताच गळतात. भेंडी, चवळी, माठ यांना ऊन चालतं. पण खरा उन्हाळ्याचा गडी दुधी.

दुधी आमच्या घरात कुणालाही आवडत नाही. पण वेल लावला तेव्हापासून त्याच्याकडे बघायला सगळे येतात. दुधीचं फूल पांढरंशुभ्र, ते उमलतं संध्याकाळी, कारण त्याचं काम रात्रीच्या पतंगांशी असतं. आमच्या चौथ्या मजल्यावर पतंग येतात ते ट्यूबलाइटवर. फुलांकडे ढुंकूनही बघत नाहीत. तेव्हा हे लग्न मलाच लावावं लागतं. नर फुलाचा देठ लांब, सडसडीत. मादी फुलाच्या मागे पेराएवढा लवदार दुधी आधीच बसलेला असतो. गोरज मुहूर्तावर नवरा टॉर्च धरतो आणि मी नराचा पराग मऊ ब्रशने उचलून मादीच्या मधोमध टेकवते. जमलं तर तो इवला दुधी फुगायला लागतो, नाहीतर पिवळा पडून गळतो.

‘‘आई, तो माझा आयशॅडोचा ब्रश आहे!’’

‘‘मग? रूप खुलवायलाच वापरलाय ना?’’

वेलाला अर्थातच मजल्यांच्या हद्दी ठाऊक नाहीत. तो ग्रिलवरून वर गेला आणि पाचव्या मजल्यावरच्या काकूंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर जाऊन लोंबकळला. ‘‘तुमचा पाहुणा आमच्या टॉवेलशेजारी राहायला आलाय,’’ काकूंनी वरून हाक मारली. मुळं आमच्या बादलीत, फळ त्यांच्या दोरीवर, तेव्हा दुधी नक्की कुणाचा, यावर जिन्यात बरीच खलबतं झाली. शेवटी निम्मा निम्मा ठरला. कापल्यावर आधी एक चकती चाखून बघितली. हे दरवेळी करायचंच. दुधी कडू लागला तर शिजवून किंवा मीठमसाला घालून तो सुधारत नाही, सरळ टाकायचा. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. आमचा गोड निघाला. आमच्या निम्म्याची भाजी झाली, सालींची तीळ घालून चटणी झाली, आणि बाजारच्या दुधीकडे बघून नाक मुरडणाऱ्या लेकीने ‘‘आपला आहे म्हणून’’ दोनदा वाढून घेतली. काकूंनी त्यांच्या निम्म्याचा हलवा केला. त्यात काजू, खवा आणि साजूक तूप बघता, फुकटच्या भाजीवर एवढा खर्च त्यांनाच शोभतो.

नवऱ्याने हिशेब मांडला. कोकोपीट, शेणखत, सुतळी, नळाला जोडायची नळी असं सगळं धरून तो म्हणाला, ‘‘हा दुधी आपल्याला हापूसच्या भावात पडला.’’

‘‘हापूस येतो का गॅलरीत?’’

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. वेलावर आता एकच दुधी ठेवलाय, बियांसाठी. तो जून होऊन वाळेपर्यंत तोडायचा नाही. पुढच्या वर्षी बी विकत घ्यायला नको, म्हणजे तेवढे पैसे वाचले. काकूंनी कोफ्त्यांच्या नादात तो खुडू नये, म्हणून त्याच्या देठाला मी तुळशीबागेतली लाल रिबीन बांधून ठेवली आहे. एक पुरेशी होती, पण दोन घेतल्या तर स्वस्त पडत होत्या. नवऱ्याने दोन्ही दुधीच्या खात्यावर टाकल्या आहेत.