तो उठला काहून?

नांदगाव पेठेत बुद्धिबळ खेळणारे पुष्कळ आहेत. झालेल्या डावाचं पोस्टमॉर्टम करणारे काकाजी एकच. वजिरानं वजीर खाल्ला, चार शहांत मात, असल्या डावांत त्यांचा जीव रमत नाही. ‘‘त्याच्यात का पाहाचं बाप्पा? मारामारी त टोलनाक्यावरई होते.’’ त्यांना लागतो समोरच्याची एकेक वाट गुपचूप बुजवत नेलेला डाव. त्यातही जिंकणाऱ्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नसतं. हरणारा नेमका काय पाहून उठला, एवढंच त्यांना शोधायचं असतं.

सर्वांत लाडका डाव १९२३ सालचा, कोपनहेगनचा. झेमिश विरुद्ध निम्झोविच. काकाजी ओट्यावर रेक्झिनचा पट अंथरतात, हरवलेल्या प्याद्याच्या जागी खोकल्याच्या औषधाचं बूच उभं करतात आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारतात. काळ्या मोहऱ्यांच्या निम्झोविचनं दोन प्याद्यांवर एक घोडा देऊन टाकलेला. पट भरलेला, शह नाही, काही नाही. पंचविसाव्या चालीला त्यानं कडेचं प्यादं फक्त एक घर सरकवलं आणि झेमिशनं डाव सोडला. घोडा जास्त असून!

‘‘दोन-चार प्यादे सरकवता आले असते ना झेमिशभाऊले. मंग उठला काहून?’’ आपण गप्प. वजीर हलवला की वजीर जातो, राजा हलवला तरी वजीरच जातो, हे बोटानं दाखवून झालं की उत्तर तेच देतात. ‘‘शाना होता. त्याले समजलं, आता आपल्याच हातानं आपलं घर मोडा लागते.’’ एवढं बोलून झेमिशच्या वतीनं एक उसासा.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, त्याच झटक्यात ग्रँडमास्टरही झाली. आम्ही पेढे घेऊन गेलो. काकाजींनी पेढा खाल्ला आणि विचारलं, ‘‘पोरगी आपलीच हाय, बरोबर. पण हम्पीबाईनं हात पुढं केला तवा घड्याळात किती उरलं होतं?’’

इतक्या अभ्यासानंतर हा माणूस स्वतः वेळेवर डाव सोडत असेल, असं कुणी समजू नये. एकटा राजा उरला तरी काकाजी त्याला गावभर फिरवतात. अगदीच कोंडी झाली की म्हणतात, ‘‘उद्या पाहू.’’ जुन्या स्पर्धांत लांबलेला डाव तहकूब करताना पुढची चाल लिफाफ्यात बंद करत. कॉम्प्युटर आल्यावर जगानं ही रीत सोडली, काकाजींनी नाही. लग्नपत्रिकेच्या पाकिटात चाल लिहून, थुंकी लावून, ते कपाटात ठेवतात. तो ‘उद्या’ सहसा येत नाही.

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी ती सगळी पाकिटं रद्दीत दिली. काकाजी क्षणभर हादरले, मग सरळ मास्तरांच्या घरी गेले. तहकूब डावात मास्तरांकडे एक वजीर आणि दोन हत्ती जास्त होते.

‘‘चालच गेली मास्तर,’’ काकाजी म्हणाले, ‘‘म्हणजे आता बरोबरी. तुमी वाचले.’’