कलपनिर्णय

वाईत कोणताही प्रश्न शास्त्राला विचारल्याशिवाय सोडवू नये. प्राज्ञपाठशाळा इथली, धर्मकोश इथला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली निघाला, त्याचे कामही इथेच चालले. अशा गावात पहिला पिकलेला केस दिसताच तडक मेडिकलमध्ये जाऊन कलपाची पुडी मागणे शोभत नाही. आधी शास्त्रार्थ व्हावा, मग पुडी फोडावी.

पूर्वपक्ष

कालिदासाने रघुवंशात दशरथाच्या कानाजवळ एक पांढरा केस दाखवला आहे. कैकेयीला भिऊन म्हातारपण त्या केसाच्या वेषात येते आणि ‘आता रामाला राज्य दे’ असे राजाच्या कानात सांगते. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. त्या सकाळी अयोध्येत कोणी वेळेवर कलप कालवला असता, तर अभिषेक लांबला असता आणि वनवास टळला असता. सबब, न लावण्याचे परिणाम लावण्यापेक्षा गंभीर असू शकतात.

मनुस्मृतीचे म्हणणे असे की सुरकुत्या, पिकले केस आणि नातवंड दिसले की गृहस्थाने वनाकडे निघावे. वाईकराचे वन पसरणीचा घाट चढला की लागते. परंतु पाचगणीच्या हॉटेलांचे दर पाहता वानप्रस्थापेक्षा कलप स्वस्त पडतो. याच ग्रंथात, डोके पिकल्याने कोणी वृद्ध ठरत नाही, असेही वचन आहे. दोन्ही बाजूंना आधार सापडला, म्हणजे शास्त्रार्थ यथासांग झाला.

प्रयोजन

वय लपवण्यासाठी कलप लावत असाल, तर वाईत तो खर्च वाया आहे. गंगापुरीपासून भीमकुंडापर्यंत सात घाट आहेत आणि प्रत्येक घाटावर तुमच्या वर्गातला एकजण तरी बसलेला आहे. तुमची मुंज कोणत्या साली झाली आणि दहावीला गणितात किती पडले, हे त्याला तोंडपाठ असते. कृष्णाबाईच्या उत्सवात पंगतीला तो शेजारी बसेल आणि केसांकडे बघत म्हणेल, “काय, पोराचं जमलं वाटतं?” कलप लावलेला माणूस वाईत तरुण दिसत नाही. त्याच्या घरी कार्य आहे, एवढेच गावाला कळते.

टोपी आणि पदर डोक्यावर होते, तोवर हा प्रश्न झाकलेलाच होता. टोपी खुंटीला गेली, पदर खांद्यावर आला आणि डोकी उघड्यावर पडली. त्यातही न्याय सारखा नाही. पुरुषाचे केस पिकले की गाव त्याला अनुभवी म्हणते, सभेत खुर्ची देते. बाईचे पिकले की हळदीकुंकवाला विचारतात, “तब्येत बरी नाही का गं?” म्हणून बाईने लावावा की नाही, यावर पुरुषांनी मत देऊ नये. हा नियम निरपवाद आहे.

पिकले केस राखण्याचे आणखी एक कारण आहे, ते शूटिंगचे. मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’ झाला, तेव्हापासून तिथला पार देशाला माहीत झाला. पडद्यावरच्या पारावर पंच म्हणून बसायला पिकलीच डोकी लागतात. ज्याला अशी आशा असेल त्याने केस राखावेत.

द्रव्य

मेंदी निरुपद्रवी म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यातला लॉसोन हा घटक केसाला तांबूस-केशरी रंग देतो. पांढऱ्यावर तर तो फारच उघडा पडतो. लोखंडी कढई, चहाचे पाणी, काथ, आवळा हे सगळे घालून छटा गडद होते. काळीभोर मात्र होत नाही. काळे हवे तर मेंदीनंतर नीळ लावावी. पाकिटावर ‘काळी मेंदी’ लिहिले असेल तर मागची बारीक अक्षरे वाचावीत. तिथे बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमीन, हे रसायन भेटते. ते अनेकांना सोसत नाही. ‘अमोनिया नाही’ याचा अर्थ ‘पीपीडी नाही’ असा होत नाही.

माक्याच्या तेलाने डोके थंड वाटते. पांढरा केस मात्र पांढराच राहतो, कारण रंग केसाच्या मुळाशी तयार होतो आणि बाहेर आलेला केस निर्जीव असतो. एक उपटला की सात येतात, हे खोटे. एका मुळातून पुन्हा एकच येतो. वारंवार उपटला तर तोही येईनासा होतो, आणि मग प्रश्न कलपाचा न राहता टोपाचा होतो.

विधी

कार्याच्या आदल्या रात्री नवी पुडी फोडू नये. आधी कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबावे. खाज, सूज आली तर तो विषय कायमचा सोडावा; वरमाईच्या फोटोत सुजलेले डोळे पांढऱ्या केसांपेक्षा जास्त दिसतात. कपाळाला आणि कानांना व्हॅसलीन लावावे. अंगात असा बनियन घालावा की ज्याला घरात कोणी वारस नाही.

सलूनमध्ये गेल्यास कारागीर विचारतो, “अण्णा, मिशीलापण मारू का?” इथे क्षणभर थांबून विचार करावा. काळे डोके आणि पांढरी मिशी ही दोन वेगवेगळ्या माणसांची वाटतात. मिशी रंगवली तर भुवया चुगली करतात. भुवयांना हा रंग लावू नये, कारण डोळे जवळ आहेत. म्हणून चुगली सोसावी.

विघ्ने आणि उद्यापन

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. तीन आठवड्यांत भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ उमटते आणि व्रत पुन्हा करावे लागते. हे व्रत घेताना संकल्प असतो, सोडायचा मुहूर्त मात्र पंचांगात नाही. मध्येच सोडल्यास वर्षभर डोके दुरंगी राहते. पुरुषाला मुंडणाची सोय आहे. बाईने केस टप्प्याटप्प्याने आखूड करावेत आणि तेवढे महिने गावाच्या चौकशा सोसाव्यात. त्या केस वाढण्याच्या वेगाने कमी होतात.

निर्णय

लावणे आणि न लावणे, दोन्ही शास्त्रसंमत आहेत. फसायला आरशासमोरच्या एका माणसाखेरीज गावात कोणी तयार नाही, तेव्हा परवानगीही त्या एकाचीच घ्यावी. प्रायश्चित्त फक्त दोघांना आहे. लावूनही ‘आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत’ म्हणणारा पहिला. दुसरा तो, जो लावत नाही आणि का लावत नाही हे भेटेल त्याला अर्धा तास सांगतो. पहिल्याला सौम्य प्रायश्चित्त पुरे. दुसऱ्याची संख्या सध्या वाढते आहे.