हिवाळी मॅनेजर

महाराष्ट्राच्या हिवाळी क्रीडा संघाबरोबर जाणाऱ्या मॅनेजरने जन्मात बर्फ पाहिलेला नसावा, अशी अट कुठल्याही नियमात नाही. निवड मात्र नेमकी तशीच होते. मुळात हे गृहस्थ कबड्डीचे, नाहीतर खो-खोचे. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, गळ्यात शिटी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचं पत्र येतं, कुणीतरी ‘थंडी फार असते म्हणे’ असं पुटपुटतं, बाकीचे आपापल्या फायलीत डोकं घालतात आणि सर म्हणतात, ‘‘मी जातो की! महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठलेले पाहिलेत मी.’’

दर हिवाळ्यात पेपरात तिथल्या जीपच्या टपावर साचलेल्या पांढऱ्या थराचा फोटो येतो. अख्ख्या महाराष्ट्राचं बर्फाचं ज्ञान त्या टपावर उभं आहे, मग सरांना एकट्याला का नावं ठेवा? लेह समुद्रसपाटीपासून साधारण 3,500 मीटरवर आहे, कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई रचली तरी तिथवर पोचत नाही, आणि जानेवारीत रात्री पारा शून्याच्या खाली पंधरा अंशांपर्यंत उतरतो, असं सांगणारा कुणी भेटला की सर त्याचीच समजूत काढतात. ‘‘कोरडी थंडी असते हो. बाधत नाही.’’

स्पर्धा 2020 पासून सुरू आहे. लेहला आइस हॉकी आणि आइस स्केटिंग, गुलमर्गला स्कीइंग, स्नोबोर्डिंग वगैरे. आपली बहुतेक मुलं स्केटिंगची. पुण्या-मुंबईत चाकांवर वाढलेली. पहाटे साडेपाचला रिंकवर फेऱ्या मारायच्या, मग शाळा, मग क्लास. मोठ्या रिंकवरच्या बर्फाशी गाठ पडायची तर गुरुग्राम-देहरादूनच्या वाऱ्या कराव्या लागतात आणि त्या ज्याच्या त्याच्या खिशावर. सरांना हा प्रकार मनापासून आवडतो. चाकं काढली की पातं, पातं काढलं की चाकं. ‘‘म्हणजे एकाच खर्चात दोन खेळ,’’ हे त्यांनी प्रस्तावात लिहूनही टाकलेलं असतं.

विमानात माणशी 15 किलो सामान. त्यात स्केट, हेल्मेट, थर्मल आणि प्रत्येक आईने दिलेला डबा. वजन काही केल्या बसत नाही. मग सर हुकूम सोडतात, ‘‘जाकिटं अंगावर!’’ त्यामुळे मुंबईच्या दमट दुपारी विमानतळावर एक रांग तीन-तीन जाकिटं घालून, कानटोपीसकट, घामाने निथळत उभी दिसते. लोक वाट सोडून चालतात. सरांच्या चौथ्या जाकिटाच्या खिशात मेतकूट असतं.

लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, भरपूर पाणी प्यायचं, अंगाला विरळ हवेची सवय होऊ द्यायची, हा तिथला साधा दंडक. खो-खोच्या माणसाला तो पटत नाही. दुसऱ्याच सकाळी सर शिटी मारून मुलांना हलक्या धावण्यासाठी अंगणात काढतात. पहिल्या वळणावर त्यांचंच डोकं गरगरतं. डॉक्टर येतात, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघतात आणि मुलांऐवजी मॅनेजरलाच अंथरुणात घालतात. ‘‘पोरांनो, शिस्त पाळा,’’ असं ते रजईतून सांगत राहतात. उशीखाली कापराची पुडी असते.

त्यांची खरी परीक्षा मात्र फोनवर होते. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. अख्ख्या पथकात पोस्टपेड फक्त सरांकडे, तेही ऑफिसच्या कृपेने. त्यामुळे ठाण्यापासून नागपूरपर्यंतचे सगळे आईबाप त्या एका नंबरावर तुटून पडतात. ‘‘सर, आमची चिऊ जेवली का?’’ ‘‘सर, त्याला केळं द्या, पण फ्रीजमधलं नको.’’ (लेहमध्ये जानेवारीत फ्रीज कुणाला लागतो, हे सर विचारत नाहीत.) ‘‘सर, ह्याचे दहावीला ग्रेस मार्क धरतात ना?’’ हा शेवटचा प्रश्न तर शर्यतीआधी येतो, पदकानंतर येतो आणि पोर पडलं तरी येतो. सरांचं उत्तर ठरलेलं. ‘‘आधी पोचू द्या, ताई. श्वास घेऊ द्या.’’

शर्यतीच्या दिवशी त्यांना आवरणं कठीण. शॉर्ट ट्रॅक स्केटिंगच्या वळणावर खेळाडू आतल्या बाजूला इतका कलतो की डाव्या हाताची बोटं बर्फाला टेकतात. त्यासाठी हातमोज्याच्या टोकांना गुळगुळीत कडक टोप्या बसवलेल्या असतात. सरांना वाटतं, हात टेकला म्हणजे फाऊल. पुढची मुलगी टेकली, टेकली, असं ओरडत ते कागद काढतात आणि ‘मा. पंच महोदय यांस’ असा मराठी तक्रार अर्ज लिहायला बसतात. शाई गोठलेली निघते. तेवढ्यात आपलीही मुलगी तस्साच हात टेकवत दुसरी येते, मग अर्ज घडी घालून खिशात जातो.

एवढं सगळं असूनही मला हा माणूस नुसत्या थट्टेवर सोडून देववत नाही. रात्री हॉटेलच्या खोलीत बुखारीच्या शेगडीपाशी प्रशिक्षक पात्यांना धार लावायला बसतो. दोन्ही बूट उलटे करून जिग नावाच्या चौकटीत आवळायचे, पाती समांतर करायची, मग दोन्हींवरून एकदम दगड फिरवायचा, एका लयीत. पातं जेमतेम मिलिमीटरभर जाड. धार झाली की नाही ते अंगठ्याचं नख हलकेच आडवं ओढून बघतात. नखाचा पांढरा भुगा निघाला की झाली. पहिल्या रात्री सर नखाऐवजी अंगठाच फिरवतात आणि पट्टी बांधून घेतात. तिसऱ्या रात्री प्रशिक्षक तापाने पडलेला असतो आणि जिगवर सर बसलेले असतात, पट्टीसकट. सहा जोड बूट, दगडाची खरखर, तोंडाने मोजणं चालू. मुलं झोपलेली. नळ गोठलेले असतात, म्हणून पहाटेच्या गरम पाण्याच्या बादल्यांचं सरांनी हॉटेलवाल्याशी आधीच ठरवून ठेवलेलं असतं, थोडे पैसे आणि थोडं मेतकूट देऊन.

2025 साली गुलमर्गचा टप्पा बर्फच नाही म्हणून पुढे ढकलला गेला आणि फेब्रुवारीऐवजी मार्चमध्ये झाला. इकडे बोर्डाच्या परीक्षा सुरू. असल्या वेळी रद्द तिकिटांचे पैसे, नवी आरक्षणं, परीक्षावाल्या मुलांची नावं वगळणं, हे सगळं मॅनेजरच्याच गळ्यात पडतं. ‘बर्फ न पडल्याबाबत’ असा विषय टाकून पत्र लिहावं लागणारा महाराष्ट्रात दुसरा कुठला माणूस असेल?

2024 मध्ये पदकतालिकेत लष्कर पहिलं, कर्नाटक दुसरं आणि महाराष्ट्र तिसरा आला. ना कर्नाटकात बर्फ, ना आपल्याकडे. सरांनी या यशाची मीमांसा एका वाक्यात केली असती, ‘‘पोरं वेळेवर जेवली.’’ त्यांना कुणी विचारलं नाही. सत्काराच्या फोटोत ते टोकाला असतात, अर्धे कापलेले. गरम पाण्याची पावती नाही म्हणून हिशेबात तेवढी रक्कम अजून अडकलेली आहे.

तेव्हा तुमच्या मुलाची निवड झालीच, तर एक कृपा करा. जाण्याआधी घरातलं एखादं पोस्टपेड सिम त्याच्याबरोबर द्या, आणि मॅनेजरला रात्री दहानंतर फोन करू नका. त्यांचे हात जिगवर असतात.