चालू कंडिशन

कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या वसाहतीत गेलात तरी एक सोसायटी पत्ता न विचारता सापडते. इमारतीखाली एक गाडी घोडीवर चढवलेली, फाटकाबाहेर दोन, आणि गल्लीच्या टोकाला ताडपत्रीखाली आणखी एक. ताडपत्री उडू नये म्हणून विटा, आणि विटांच्या मधे मांजर. या सगळ्याचा मालक बँकेतून नाहीतर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला असतो. जन्मभर त्यानं व्हाउचरं तपासली, पण त्याच्या नखांतलं ग्रीस दिवाळीच्या उटण्यानंही निघत नाही. गल्ली त्याला गाडीवाले काका म्हणते.

चार गाड्या म्हटल्यावर लोकांना फेटे बांधून विंटेज रॅलीत मिरवणारे शौकीन आठवतात. काकांचा त्या मंडळींशी काही संबंध नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार विंटेज ठरायला गाडीनं वयाची पन्नाशी ओलांडावी लागते, आणि तेही मूळ रूप सांभाळून. काकांची सगळ्यांत थोरली प्रीमिअर पद्मिनी १९८६ ची. बाकीच्या, म्हणजे दोन मारुती ८०० आणि एक झेन, तिच्याहून धाकट्या. खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली की सरकारदरबारी म्हातारी होते, आणि पन्नाशीनंतर एकदम मानकरी. मधली पस्तीस वर्षं तिनं काढायची कुठे, हे कायद्यात लिहिलेलं नाही. गाड्या ती काकांकडे काढतात.

या मधल्या वर्षांचा खर्च सरकारनं मात्र नीट ठरवून दिला आहे. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर, वर नव्या नंबरपाट्या. नूतनीकरणाला पूर्वी ६०० रुपये लागत. एप्रिल २०२२ मध्ये त्याचे ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० लागू झाले. काकांनी धाकटी मारुती घेतलीच मुळी अठरा हजारांना. मी हळहळ दाखवायला गेलो, तर काका खूश. "अहो, अठरा हजारांची वस्तू, आता अठ्ठावीसमध्ये पडली. भाव चढतोय." हा माणूस तीस वर्षं बँकेत होता, हे कळल्यापासून मी माझ्या ठेवी दोन ठिकाणी विभागल्या आहेत.

काका गाडी कधी विकत घेत नाहीत, ते तिला सोडवून आणतात. कुणाचे तरी सासरे वारतात. त्यांची गाडी इमारतीखाली धूळ खात असते. जावई भंगारवाल्याला बोलावतो आणि भंगारवाला गाडीचा किलोवर भाव सांगतो. ज्या मारुतीची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी खुद्द इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली, त्या जातीची गाडी किलोवर जाणार हे काकांना ऐकवत नाही. संध्याकाळी टो करून गाडी गल्लीत येते. घरी सांगायचं एकच वाक्य ठरलेलं असतं, "पार्टसाठी आणलीय."

काकू या वाक्याला सरावल्या आहेत. पुढे काय होतं तेही त्यांना पाठ आहे. पहिल्या मारुतीसाठी दुसरी पार्टसाठी आणली. काकांनी पार्ट काढायला दुसरीचं बॉनेट उघडलं, कान लावला, आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "इंजिन एकदम सॉलिड आहे हो. हिला मोडणं पाप आहे." मग दुसरीची डागडुजी सुरू झाली. तिला लागणारे पार्ट काढायला पहिली बरी पडली. आता एकीचा डायनॅमो दुसरीत आहे आणि दुसरीचा क्लच पहिलीत. दोघींपैकी चालते कोणती, हे वारावर अवलंबून असतं. सध्या काकांचं लक्ष एका तिसऱ्या मारुतीवर आहे. पार्टसाठी.

कान लावतात हे मी शब्दशः लिहिलं आहे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. आपल्याला नुसती खडखड ऐकू येते. काकांना टॅपेट ऐकू येतात, बेअरिंग ऐकू येतं, पूर्वीच्या मालकानं ऑइल वेळेवर बदललं नव्हतं हेही ऐकू येतं. मारुतीचं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरांचं. त्यातला एक दबला की गाडी मिसिंग मारते, आणि तो कोणता हे काका लांबूनच सांगतात. मग पॉइंट उघडायचे, काजळी पॉलिश पेपरनं घासायची, आणि फटीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी जाडीची पात सरकवून गॅप बसवायचा. फीलर गेज सापडला नाही, म्हणजे नेहमीच, तर खिशातलं कुणाचंही व्हिजिटिंग कार्ड चालतं. आमच्या नगरसेवकाच्या कार्डाचा समाजाला झालेला हा एकमेव उपयोग.

काकांच्या दुरुस्तीचा निम्मा माल किराण्याच्या यादीतून जातो. रेडिएटर बारीक गळत असेल तर पाण्यात हळद, पेट्रोलची टाकी पाझरत असेल तर त्या जागी ओला साबण चोळायचा. भाजीत हळद कमी पडली की काकू मसाल्याच्या डब्याकडे न बघता थेट बॉनेटकडे बघतात. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून इंजिनाच्या कोपऱ्यांत तंबाखू ठेवायची असते. काकांना सुपारीचंही व्यसन नाही, पण दर शनिवारी ते टपरीवर चार पुड्या घेतात, त्यामुळे गल्लीत त्यांचं नाव व्हायचं ते झालं आहे. त्यांच्या मुलाला सांगून आलेल्या एका स्थळाकडच्यांनी तर, मुलाचे वडील फार खातात का, अशी माझ्याकडे चौकशी केली होती. मी खरं ते सांगितलं. गाडी खाते म्हणालो. त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

पद्मिनीची गोष्ट वेगळी. ती कुर्ल्याच्या कारखान्यातली, स्टिअरिंगशेजारी गिअर असलेली. तिच्याबद्दल काका खालच्या आवाजात बोलतात. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या पद्मिनी होत्या तोवर तिचा प्रत्येक नटबोल्ट कुर्ल्यात ढिगानं मिळायचा. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा लागली, एकेक गाडी भंगारात गेली, आणि शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. बातमी आली त्या दिवशी काकांनी दाढी केली नाही. दुसऱ्या दिवशी दाढी करून ते नाना पेठेत गेले आणि दुकानादुकानांतून उरलेले पेट्रोल पंप, वॉशर, क्लच प्लेटा घेऊन आले. आता दिवाणात गाद्यांखाली पद्मिनीचा सगळा सांधा न् सांधा आहे. पाहुणे आले की त्यांना त्यावर झोपवतात, आणि सकाळी पाहुणे पाठ चोळत उठतात.

जुन्या बाजारात काका बुधवारीच जातात, कारण रविवारी हौशी लोक येतात असं त्यांचं मत आहे. तिथून ते एक दाराची मूठ आणतात. ती कोणत्या गाडीची हे विक्रेत्याला माहीत नसतं, काकांनाही नसतं. पण लागेल कधीतरी.

पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलनं काकांना मोठ्या धर्मसंकटात टाकलं आहे. इथेनॉलमुळे जुने रबरी पाईप नरम पडतात, चिरतात आणि कार्ब्युरेटरचे गॅस्केट जातात. म्हणून त्याला शिव्या घालणं भाग आहे. पण काकांचं गाव सांगली जिल्ह्यात, घरचा ऊस, आणि इथेनॉल उसापासूनही होतं. त्यामुळे पंपावर पेट्रोल भरताना ते सरकारला बोल लावतात, आणि गावाकडून कारखान्याच्या बिलाचा फोन आला की धोरण बरोबर असल्याचं सांगतात.

एवढ्या गाड्या असून काका जातात कुठे? फारसे कुठेच नाही. एकदा कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला पद्मिनी नेली होती. भर मेमध्ये खंबाटकीच्या चढावर पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली आणि गाडी थांबली. काकांनी पंपावर ओला पंचा टाकला आणि पाऊण तास येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाडीची माहिती दिली. त्या प्रवासातला आपला सगळ्यात आनंदाचा काळ तोच, असं ते आजही सांगतात. काकूंचं मत छापण्याजोगं नाही. लग्नाकार्याला दोघं रिक्षानं जातात.

बिचाऱ्या झेनची मला दया येते. ती कधी बंद पडत नाही. किल्ली फिरवली की सुरू होते, भाजी आणते, जागेवर येऊन उभी राहते. म्हणून काका तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मुलानं विजेवरची नवी गाडी घेतली तेव्हा काकांनी मोठ्या उमेदीनं बॉनेट उघडायला लावलं. आत प्लॅस्टिकचं एक झाकण. "अरे, यात करायचं काय?" "काही नाही बाबा. काही करावंच लागत नाही." काका बराच वेळ त्या झाकणाकडे बघत उभे राहिले आणि मग मुलाला म्हणाले, "मग रविवारी काय करतोस?"

महापालिकेचे लोक मधूनमधून येऊन रस्त्यावरच्या बेवारस वाहनांवर नोटिसा चिकटवतात. ताडपत्रीवर अशी नोटीस दिसली त्या दिवशी काकांचा अपमान झाला. त्यांनी सोसायटीतल्या चार पोरांना बोलावलं, धक्का मारून मारुती सुरू केली आणि दहा पावलं पुढे नेऊन लावली. तेव्हापासून दर सोमवारी ती दहा पावलं पुढे जाते, पुढच्या सोमवारी मागे येते. तपासणीस आला की काका ठणकावतात, "गाडी चालू कंडिशनमध्ये आहे."

आता सोसायटीचा पुनर्विकास निघाला आहे. बिल्डर फ्लॅटमागे एक पार्किंग देतो. काकांना चार हवीत, वर रॅम्पचा उतार बेताचा हवा. पद्मिनी सुरू करताना तो धक्क्याला उपयोगी पडतो. ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, आणि काका उरलेल्या ४९ मध्ये ठामपणे बसून आहेत. माझी सही झालेली आहे. पण काकांनी काल मला नव्या इमारतीतल्या माझ्या पार्किंगबद्दल विचारलं. मला गाडी नाही हे त्यांना ठाऊक आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या सासऱ्यांची जुनी गाडी कुठे धूळ खात पडली असेल, तर आमच्या गल्लीत कृपया त्याचा उल्लेख करू नका. केलातच, तर रविवारी सकाळी आठ वाजता धक्का मारायला या.