बातमी कोणाला पावली?

१९ नोव्हेंबर २०२४ च्या दुपारी विरारमध्ये काय घडले, हे कृपा करून विरारकराला विचारू नका. तो तेव्हा गावात नव्हता. तो चर्चगेटला होता, नाहीतर अंधेरीला, नाहीतर भाईंदरच्या खाडीवर का कोण जाणे उभ्या राहिलेल्या गाडीत एका पायावर उभा होता. एरवी पावसाळ्यात रुळांवर पाणी आले की टीव्हीवर विरार दिसते. नोव्हेंबरात ते दिसू लागले, तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटले की अवेळी पाऊस पडला असावा.

घडले ते थोडक्यात असे. दुसऱ्या दिवशी विधानसभेचे मतदान, जाहीर प्रचार संपलेला. विरार पूर्वेच्या एका हॉटेलात भाजपचे राष्ट्रीय सरचिटणीस विनोद तावडे, नालासोपाऱ्याचे उमेदवार राजन नाईक आणि कार्यकर्ते जमले होते. बहुजन विकास आघाडीची माणसे आत शिरली, पाठोपाठ आघाडीचे आमदार क्षितिज ठाकूर आले, मग त्यांचे वडील आणि आघाडीचे प्रमुख हितेंद्र ठाकूर. आघाडी म्हणाली, पाच कोटी वाटायला आणले. तावडे म्हणाले, मतदानाच्या दिवशीचे नियम कार्यकर्त्यांना समजावायला आलो होतो. निवडणूक यंत्रणेच्या हाती लागले ९ लाख ९३ हजारांच्या आसपास. मधले चार कोटी नव्वद लाख ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने भरून काढले.

संध्याकाळपर्यंत एका हॉटेलाची दोन हॉटेले झाली होती. एका वाहिनीवरच्या हॉटेलात चोर रंगेहाथ सापडला होता, दुसऱ्या वाहिनीवरच्या हॉटेलात सज्जनाला कट करून घेरले होते. आमच्या डब्यात दोन्ही हॉटेले शेजारीशेजारी चालू होती, दोन मोबाईलवर, पूर्ण आवाजात. खिडकीजवळच्या काकांचा पहिला प्रश्न होता, "साहेब सुखरूप बाहेर पडले ना?" चौथ्या सीटवर अर्धे टेकलेल्या भाऊंचा पहिला प्रश्न होता, "घावला ना एकदाचा?" पैसे कोणाचे, कशासाठी आणि कोणाच्या दारात जाणार होते, हे दोघांनीही विचारले नाही. दोघेही विरारचे मतदार. ते वाटप खरे असेल तर त्यांच्याच नावाचे असणार होते, म्हणजे निदान कुतूहल म्हणून तरी विचारायला हरकत नव्हती.

त्या दिवसाची खरी बातमी कोणती, असे मला विचाराल तर ती शेवटी घडली. काही तासांच्या गदारोळानंतर तावडे हॉटेलातून बाहेर पडले ते ठाकूरांसोबत, एकाच गाडीत बसून. दोन्हीकडचे देव एका रथातून निघून गेले आणि भक्तगण एकमेकांची कॉलर धरून गेटवर उभे राहिले. पुढे तावडेंनी पैसेवाटपाच्या आरोपावरून काँग्रेसच्या खर्गे, राहुल गांधी आणि सुप्रिया श्रीनेत यांना शंभर कोटींची बदनामीची नोटीस धाडली. २३ तारखेला निकाल लागला आणि वसई, नालासोपारा, बोईसर या तिन्ही जागा आघाडीच्या हातून गेल्या. काका म्हणाले, "बघा, लोकांनी कटाला उत्तर दिलं." भाऊ म्हणाले, "बघा, पैसे वाटले होते ते सिद्ध झालं." निकाल एकच लागला आणि पावला मात्र दोघांनाही. असा देव जीवदानीच्या डोंगरावरसुद्धा नाही.

"मीडिया विकला गेलाय हो," हे वाक्य मीरा रोड ते वसईदरम्यान रोज ऐकू येते. म्हणणारा माणूस गेली दहा वर्षे एकच वाहिनी बघत असतो. त्याच्या मते विकली गेलेली ती दुसरी. तो बातमी ऐकतो ती काय घडले हे कळावे म्हणून नाही. जे घडले त्यातून आपला देव धड सुटला की नाही, एवढेच त्याला पाहायचे असते. वाहिनीवाल्याला हे फार लवकर कळले. घरात नैवेद्याचे ताट देवाला दाखवतात, पण ते वाढताना आवड घरातल्यांची पाहतात, त्यातलीच ही रीत आहे. नऊच्या चर्चेला पक्षाचे नाव असते, आणि जेवायला बसतो तो प्रेक्षक. शिवाय स्वस्तात होते. चार डोकी स्टुडिओत बसवून ओरडायला लावली की तास निघतो. वसईपासून तलासरीपर्यंत माणूस पाठवून चार कागद तपासायचे म्हटले तर पेट्रोल लागते.

छापील कागद तरी सोवळा होता, असे कोणी समजू नये. २००९ च्या विधानसभेच्या वेळी तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या स्तुतीचा तोच मजकूर शब्दाला शब्द एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत छापून आला होता. एरवी या दैनिकांचे पंचांगावरसुद्धा एकमत होत नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणले. चव्हाणांच्या निवडणूक हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५ हजार ३७९ रुपये. निवडणूक आयोगाने पुढे त्या हिशेबावर बोट ठेवले, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आयोगाचा आदेश रद्द केला. तेव्हा चव्हाणांच्या नावाने बोटे मोडणारी मंडळी फेब्रुवारी २०२४ मध्ये पेढे वाटत होती, कारण चव्हाण भाजपमध्ये आले होते. आणि ज्यांनी पंधरा वर्षे त्यांची बाजू लढवली त्यांना एका दुपारी ५ हजार ३७९ चा आकडा तोंडपाठ झाला. देवळे बदलली, पण त्यामुळे कोणाची झोप उडाली असे दिसले नाही.

इथवरचे सगळे हसण्यावारी नेता येते. खारघरचे नेता येत नाही.

१६ एप्रिल २०२३. निरूपणकार अप्पासाहेब धर्माधिकारींना महाराष्ट्र भूषण द्यायचे होते. द्यायला खुद्द अमित शहा, शेजारी मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री, समोर अप्पासाहेबांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य. आमच्या भागातूनही गाड्या भरभरून गेल्या. श्रीसदस्यांना मी जवळून पाहिले आहे आणि त्यांची थट्टा करण्याची माझी छाती नाही. बैठकीला वेळेवर येतील, निरूपणात चुळबूळ करणार नाहीत, झाडे लावतील, कार्यक्रम झाल्यावर मैदानातला कागदाचा कपटाही उचलून नेतील. ऊठ म्हटल्याशिवाय उठणार नाहीत. घोषणा द्यायला भाड्याने आणलेली माणसे दहा वाजताच वडापावच्या गाडीकडे पसार होतात, हे प्रत्येक पक्षाला ठाऊक आहे. न उठणारी माणसे लाखांनी मिळणे हा राजकारणात नवस फळल्यासारखा प्रकार. व्यासपीठावर छप्पर होते. मैदानावर नव्हते. पारा ३८ च्या घरात होता आणि भाषणे दुपारपर्यंत चालली.

सकाळी वाहिन्यांवर आकाशातून घेतलेली दृश्ये होती. जनसागर, भक्तीचा महापूर, न भूतो न भविष्यति. निवेदकांना आकडे पुरत नव्हते. ही तीच माणसे, तेच ऊन, तेच मैदान. पण उन्हाला त्या वेळी बातमीमूल्य नव्हते. संध्याकाळी उष्माघाताचे बळी मोजायला सुरुवात झाली आणि अखेरीस चौदा झाले. त्यांत वसई-विरारचीही माणसे होती.

मग दोन आरत्या सुरू झाल्या. एका देवळात 'राजकारण करू नका', दुसऱ्यात 'राजीनामा द्या'. मृतांच्या वारसांना पाच लाख जाहीर झाले. पुरस्काराचे पंचवीस लाख अप्पासाहेबांनी तिथेच मुख्यमंत्री निधीला दिले होते. चौकशीला एका सदस्याची समिती नेमली गेली. दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असे सरकारने ठरवले. ऊन दुपारी लागते हे शासनाला शिकवायला चौदा माणसे लागली. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल करा, अशी मागणी तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी केली. अडीच महिन्यांनी, २ जुलैला, ते त्याच सरकारचे उपमुख्यमंत्री झाले. त्या दिवशी चौदा जणांची आठवण ना 'राजकारण करू नका'वाल्यांना झाली, ना 'राजीनामा द्या'वाल्यांना. दुपारची वेळ कोणी ठरवली? मांडव का घातला नाही? हे प्रश्न ज्या प्रेक्षकाला पडायला हवे होते, तो त्या आठवड्यात आपल्या बाजूचा प्रवक्ता जिंकला की हरला, ते बघत होता.

१६ एप्रिल ही तारीख आमच्या पालघर जिल्ह्याला आधीही भोवली होती. साल २०२०, लॉकडाऊन, डहाणू तालुक्यातले गडचिंचले. मुले पळवणारे आलेत अशी अफवा पाड्यापाड्यांवर फोनमधून फिरत होती. अंत्यविधीसाठी सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने पोलिसांदेखत ठार मारले. अफवा कुठून आली, पोलीस बघत का राहिले, प्रश्न भरपूर होते. काही स्टुडिओंना मात्र एकाच प्रश्नाने झपाटले: मारणाऱ्यांचा धर्म कोणता? शेवटी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावे लागले की यांत एकही मुसलमान नाही. ते ऐकून एका गोटाचा रसच संपला. दुसऱ्या गोटाने असा काही सुटकेचा श्वास सोडला, की तीन माणसे जिवानिशी गेली हे त्याच्याही लक्षात राहिले नाही.

दोन्ही गोटांचा रस एकदमच कसा संपतो, ते पाहायचे असेल तर विरार पूर्वेला विजयनगरमध्ये या. २६ ऑगस्ट २०२५ ची मध्यरात्र, गणपती यायला काही तास. रमाबाई अपार्टमेंट कोसळली, सतरा जण गेले. इमारत अनधिकृत होती. आता अनधिकृत इमारत ही एका पक्षाला एकट्याने झेपणारी गोष्ट नाही. प्लॉट दाखवणारा, विटा पुरवणारा, पाणी जोडून देणारा, नोटीस फाईलीत झोपवणारा आणि मतदारयादीत पत्ता घालून देणारा, असा सर्वपक्षीय सलोखा लागतो. अशी बातमी कुठल्याच नैवेद्याच्या ताटात बसत नाही. महापालिकेत तेव्हा निवडून आलेले सभागृहही नव्हते, २०२० पासून प्रशासक, म्हणजे शिव्या द्यायला नगरसेवकसुद्धा नाही. काकांनी आणि भाऊंनी त्या आठवड्यात एकमेकांशी भांडण केले नाही. गणपतीचे दिवस होते.

राहता राहिली भक्ती. 'भक्त' हा शब्द हल्ली राजकारणात भक्तीला बदनाम करेल असा सर्रास वापरतात, त्याबद्दल माझी तक्रार आहे. आमच्या सकाळच्या गाडीत भजनी मंडळ असते. टाळ आणलेले, ठेका डब्याच्या पत्र्यावर. मधेच कोणाचा सूर चुकला तर त्याला देशद्रोही ठरवत नाहीत, फार तर दहिसरपर्यंत हसतात. एखाद्याला भजन नको असेल तर तो पुढच्या दरवाजाकडे सरकतो, त्याच्या घराचा पत्ता कोणी शोधत नाही. आणि ही मंडळी ज्या परंपरेतली, तिथे देवाशी भांडायची पूर्ण मुभा आहे. नामदेव रुसायचे. तुकोबांनी तर विठोबाचे देणेघेणे वाण्याच्या चोखपणाने मांडले, हिशेब जुळेना तेव्हा त्याला सुनावले. आणि जनाबाईने त्याला एकेरीत हाक मारून ज्या शिव्या घातल्या, त्या आज एखाद्या पुढाऱ्याचे नाव घालून फॉरवर्ड केल्या तर रात्री बारापर्यंत तीन जिल्ह्यांत गुन्हे नोंदले जातील. जनीच्या आळीतल्या कुठल्याही वारकऱ्याने 'भावना दुखावल्या' असे निवेदन दिल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा काका आणि भाऊ, दोघांनाही हात जोडून विनंती. वाहिनी बदलू नका, ते आपल्याच्याने व्हायचे नाही. मुलाबाळांची शपथ घेऊन पक्षही सोडू नका. फक्त रोज एकदा, बोरिवली गेल्यावर जरा श्वास घ्यायला जागा झाली की, आपल्याच साहेबांना मनातल्या मनात एक सणसणीत शिवी घाला: खारघरच्या उन्हासाठी घाला, विजयनगरसाठी घाला, त्या ९ लाख ९३ हजारांसाठी घाला. साहेबांना काही होत नाही. जनीच्या शिव्या खाऊन विठोबा अजून पंढरपुरातच उभा आहे.