जुना घ्यावा की नवा : होतकरूंसाठी संपूर्ण मार्गदर्शन

हे मार्गदर्शन वापरायला तीन गोष्टी लागतात : थोडे पैसे, पैशांपेक्षा जास्त हौस आणि हौसेपेक्षा जास्त रिकामा वेळ. ज्यांच्याकडे पैसे भरपूर आणि वेळ कमी आहे, त्यांनी दुकानात जाऊन काचेच्या कपाटातला सर्वांत महाग कॅमेरा बोटाने दाखवावा आणि हा लेख इथेच सोडावा. त्यांना आमच्या शुभेच्छा. उरलेल्यांनी पुढे यावं.

पायरी पहिली : उमेदवार निवडा. मिररलेस म्हणजे पोटात आरसा नसलेला कॅमेरा. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वळून तुमच्या डोळ्यापर्यंत यायचा. इथे तो थेट सेन्सरवर पडतो आणि तुम्ही बघता तो एक छोटा पडदा असतो. पॅनासॉनिकने ल्युमिक्स जी१ आणला २००८ साली. तेव्हापासून आलेले सगळे मिररलेस तपासत बसलात तर पेन्शन सुरू होईल. म्हणून इथे दोनच घेऊ : सोनीचा अल्फा ६०००, जन्म २०१४, आणि सोनीचाच अल्फा ६७००, जन्म २०२३. सेन्सर जवळपास एकाच मापाचा, लेन्स बसवायचं तोंडही एकच, म्हणजे ई-माउंट. एकाची लेन्स दुसऱ्याला बसते. जुना आता सेकंडहँड बाजारात शोधायचा. नव्याच्या नुसत्या बॉडीला लाखाच्या वर मोजायचे.

मधल्या नऊ वर्षांत या घराण्यात आणखी अपत्यं झाली, त्यांच्याकडे वळून बघू नका. तिथे आकडा मोठा म्हणजे कॅमेरा नवा हा साधा नियम चालत नाही. ६३०० आणि ६५०० आले २०१६ साली. ६४०० आला २०१९च्या जानेवारीत आणि ६१०० त्याच्याही नंतर. म्हणजे ६५०० वयाने थोरला, ६१०० धाकटा, आणि हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय थोरल्या ६५००मध्ये आहे पण त्याच्यानंतरच्या ६४००मध्ये नाही. हे ज्यांना एका वाचनात कळलं त्यांनी कॅमेरा घेण्याऐवजी वंशावळी लिहाव्यात.

पायरी दुसरी : आकड्यांची पूजा करा. जुन्यात २४ मेगापिक्सेल, नव्यात २६. वाढले की नाही? आता आडवी मापं बघा. जुन्याचं चित्र ६००० पिक्सेल रुंद, नव्याचं ६१९२. फरक १९२ पिक्सेलचा. इंचाला ३०० ठिपके या चांगल्या छपाईच्या हिशेबाने जुन्यातून २० इंच रुंद फोटो छापता येतो आणि नव्यातून त्याहून अर्ध्या इंचापेक्षा जरासाच जास्त रुंद. तो जास्तीचा अर्धा इंच फ्रेमवाला लाकडाखाली दडपून टाकतो. शिवाय तुमचा फोटो शेवटी जाणार कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर, तिथे तो चेपून पाठवला जाणार आणि खाली सुप्रभातची फुलं येणार.

वेगाचं काय? बटण दाबून धरलं की जुना सेकंदाला ११ फोटो काढतो. नवा, नऊ वर्षांच्या संशोधनानंतर, सेकंदाला ११ फोटो काढतो. हा आकडा दुकानदाराला मोठ्याने वाचून दाखवू नका, तो विषय बदलतो.

पायरी तिसरी : परीक्षणं बघा. पुष्कळ बघा. २०१४ साली सोनीने जाहीर केलं होतं की ६००० हा ०.०६ सेकंदात फोकस साधतो आणि त्या वर्गात याहून वेगवान जगात दुसरा नाही. त्या वर्षीच्या परीक्षकांनी माना डोलावल्या. आज त्याच कॅमेऱ्याबद्दल तशीच माणसं तशाच टोप्या घालून सांगतात की याचा फोकस जरा संथ आहे. ०.०६ सेकंद अजूनही ०.०६ सेकंदच आहे. पण हे तिसऱ्या व्हिडिओनंतर विसरायला होतं आणि दहाव्यानंतर तुम्हाला मनापासून वाटू लागतं की जुन्या कॅमेऱ्याने आजवर कुणी फोटो काढलेच नसावेत. या पायरीवर माणसं वर्षभरही थांबतात. तोवर ज्या बाळाचे फोटो काढायचे होते ते चालायला लागतं आणि मग खरोखरच वेगवान फोकस लागतो.

आता इथे थट्टा जरा बाजूला ठेवावी लागेल, कारण लाखभर रुपये कशाचे हा प्रश्न रास्त आहे. ते पिक्सेलचे नाहीत आणि वेगाचेही नाहीत. ते ओळखण्याचे आहेत. ६०००ला फोकस कुठे करायचा हे कळतं, पण समोर काय आहे हे फारसं कळत नाही. चेहरा सापडतो. डोळा नेमका हवा असेल तर एक बटण ठरवून ते दाबून धरावं लागतं, आणि माणूस हलला की पुन्हा पहिल्यापासून. ६७००मध्ये हे काम एका वेगळ्या चिपला दिलंय. मेनूत जाऊन तुम्ही सांगायचं की आज माणूस, की प्राणी, की पक्षी, की कीटक, की गाडी किंवा आगगाडी, की विमान. एकदा सांगितलं की तो डोळा धरतो आणि सोडत नाही. माणूस वळला, मान खाली घातली, मध्ये कुणी आडवं गेलं, तरी परत पकडतो. (यादीत जेवणाचं ताट नाही. ताट पळत नाही, म्हणून असेल.) ज्यांना रविवारी पहाटे भिगवणला जाऊन उडते रोहित टिपायचे आहेत, त्यांच्यासाठी हा फरक खराच मोठा आहे. ज्यांना राजगडाची बालेकिल्ल्याची बाजू टिपायची आहे, त्यांच्यासाठी शून्य. किल्ला साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ एकाच जागी उभा आहे.

व्हिडिओतही नवा सरळ पुढे आहे. जुना फुल एचडीवर थांबतो, आणि त्याला बाहेरचा माइक लावायला भोकच नाही. नवा फोर-के काढतो, माइक आणि हेडफोन दोन्ही घेतो, आणि त्याचा पडदा बाहेर काढून स्वतःकडे वळवता येतो. रील करणाऱ्यांनी पुढचं वाचायची गरज नाही, नवाच घ्या.

पायरी चौथी : मुंजीची परीक्षा. कॅमेरा घरात आल्याची बातमी फार काळ लपत नाही. मग एखादी मावशी फोन करते : "अरे, एवढा मोठा कॅमेरा घेतलायस, मग आमच्या बंटीच्या मुंजीला फोटोग्राफर कशाला सांगायचा?" तुम्ही कुठलाही कॅमेरा घेतलात तरी त्याची खरी कसोटी इथेच लागते, म्हणून खरेदीआधीच ती मनात घेऊन बघा.

कार्यालयात पिवळट दिवे, होमाचा धूर, आणि एक आठ वर्षांचा बटू, ज्याला सकाळपासून भूक लागली आहे. मातृभोजनाला आई आणि मुलगा शेजारी बसलेले असतात, घास हळू जातो, तिथे जुना कॅमेरा तितकाच चांगला फोटो देईल. भिक्षावळीला बटू मिरवत निघाला की जुन्याची तारांबळ उडते. नवा डोळा धरून ठेवेल. पण, आणि हा पण दुकानात कुणी सांगत नाही, नव्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा तुमच्या हाताचा कंप थांबवते, बटूचं पळणं नाही. तो पळाला की तो धूसरच. त्याला थांबवायला शटरचा वेग हवा, शटरच्या वेगाला प्रकाश हवा, आणि प्रकाश येतो लेन्समधून.

म्हणून किट लेन्सचा हिशेब करा. १६-५०ची जी चपटी लेन्स बॉक्समध्ये येते ती ५०वर नेली की तिचं तोंड एफ ५.६पेक्षा मोठं उघडत नाही. सिग्माची ५६ मिलिमीटरची प्राइम एफ १.४पर्यंत उघडते. एकाच बटूवर, एकाच दिव्याखाली, दुसरी पहिलीच्या १६ पट प्रकाश आत घेते. १६ पट! जो फोटो पहिलीने सेकंदाच्या तिसाव्या भागात, म्हणजे बटूचा ढग करून, निघाला असता, तो दुसरीने जवळपास पाचशेव्या भागात निघतो. ही लेन्स जुन्यालाही बसते. आमचं स्पष्ट मत : नवा कॅमेरा आणि किट लेन्स ही जोडी मुंजीत जुना कॅमेरा आणि ही प्राइम या जोडीकडून हरेल, आणि पैसेही जास्त घेईल. फक्त प्राइमला झूम नसतो. मावशी म्हणेल सगळ्यांना एका फोटोत घे, तेव्हा तुम्हाला मागे सरकत सरकत मांडवाबाहेर जावं लागेल.

ज्यांना काहीच कळेनासं झालंय त्यांच्यासाठी एक सांत्वन : जुन्यात उघडणारा छोटा फ्लॅश आहे. बोटाने मागे वाकवला की उजेड छतावरून खाली येतो. नव्यात फ्लॅशच नाही, वेगळा घ्या.

पायरी पाचवी : सेकंडहँड बघायला जा. मुंबईकरांसाठी फोर्टातला बोरा बाजार आहे. बाकीच्यांनी आपापल्या गावचा लग्नाचा फोटोग्राफर गाठावा, कारण बॉडी बदलण्याचा आजार सर्वांत आधी त्यालाच होतो. विकणारा म्हणेल, "साहेब, घरगुती वापर आहे, बाहेर नेलाच नाही." त्यावर हसू नका, पुढील गोष्टी करा.

लेन्स काढून तिच्यातून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, म्हणजे बाजारातला फंगस. कोकणात दोन पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्सला ती हटकून होते, आणि धूळ नसून काचेवर वाढलेली असल्यामुळे फुंकरीने जात नाही. विकणारा म्हणेल, "फोटोत दिसत नाही." ते बरेचदा खरं असतं. तरी घेऊ नका.

मग एफ २२ लावून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. आरसा नसल्याने लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो, त्यामुळे थोडी धूळ क्षम्य आहे. ओरखडा क्षम्य नाही. शटर किती वेळा पडलं हा आकडा सोनीच्या मेनूत दिसत नाही, पण नुकत्याच काढलेल्या, हात न लावलेल्या फाइलमधून तो काढून देणारी साधनं आहेत. तेव्हा स्वतःचं कार्ड घेऊन जा आणि एक फोटो काढून आणा. "फक्त आठ हजार" हा आकडा तोंडी आला तर तो तोंडीच समजावा. बिल मागा. बॅटरी कंपनीची आहे का बघा : जुन्याची बॅटरी नवी असताना सुमारे ३६० फोटो द्यायची, नव्याची सुमारे ५७० देते, आणि फुगलेली बॅटरी खाचेतून बाहेर यायला नाखूश असते, हीच तिची खूण.

पायरी सहावी : जेजुरीला नेऊ नका. नेलाच तर दोन्हींना प्लास्टिक गुंडाळा. नव्याच्या माहितीपत्रात तो धूळ आणि ओलाव्याला तोंड देतो असं लिहिलंय, आणि त्याचीच शंभर टक्के हमी नाही असंही लिहिलंय. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी सोमवती अमावस्येला गडावर उधळलेला भंडारा पाहिलेला नसावा. तिथे लेन्स बदलणं हा गुन्हा समजावा. घरी आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. कॅमेरा विकत घेतल्यावर मिळालेल्या त्या मऊ काळ्या पिशवीत तो पावसाळाभर ठेवणं म्हणजे बुरशीला घर भाड्याने देणं.

पायरी सातवी : घरी किंमत सांगणे. या विषयावर आमच्याकडे मार्गदर्शन उपलब्ध नाही.

आता निकाल. पळणारं मूल, उडणारा पक्षी आणि व्हिडिओ यांपैकी एक जरी तुमच्या रोजच्या फोटोत असेल, आणि पैसे उसने आणावे लागणार नसतील, तर नवा घ्या. नसेल तर जुना घ्या आणि वाचलेल्या पैशांतून पहिल्याच आठवड्यात प्राइम लेन्स घ्या. नंतर घेऊ म्हणालात तर ती कधीच येत नाही. आणि जुना घेताना विकणाऱ्याकडून मायक्रो यूएसबीची केबल आठवणीने मागून घ्या. त्याचं चार्जिंग तिच्यावरच चालतं, आणि आता ती कुणाच्याही घरात वेळेवर सापडत नाही.